काळं नसेल तर सोडा: अल्बर्टात ट्राउट ओळखायला शिकताना

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या डोंगराळ पट्ट्यातल्या कुठल्याही नदीत, ओढ्यात किंवा तळ्यात तुमच्या गळाला बुल ट्राउट लागला, तर तो घरी नेता येत नाही. मासा वीतभर असो की हातभर, गळ ओठात अडकलेला असो की घशात, तो लगेच पाण्यात सोडायचा. 1995 पासून हा नियम साऱ्या प्रांताला लागू आहे, आणि त्याच वर्षी बुल ट्राउट अल्बर्टाचा प्रांतीय मासा ठरला. अडचण अशी, की त्याच पाण्यात त्याच्यासारखाच दिसणारा ब्रूक ट्राउट राहतो आणि काही ठिकाणी तो ठेवायला परवानगी असते. दोघांच्या अंगावर फिकट आणि तांबूस ठिपके, दोघांच्या खालच्या परांना पांढरी कड, दोघांची पाठ हिरवट-तपकिरी. नवख्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. मुरलेल्यांचीही होते: 1999 मध्ये शेजारच्या, अमेरिकेतल्या माँटाना राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून कमी गळवाल्यांना बुल ट्राउट बरोबर ओळखता आला होता.

अल्बर्टातल्या कॅलगरी शहरात नव्यानं आलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना मासा नवा नाही. मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाला पापलेट आणि हलवा यांतला फरक सांगावा लागत नाही, आणि लहानपणी खाडीत गरवायला गेलेले हात गळाची काठी विसरत नाहीत. पण बाजारात मासा निवांत समोर पडलेला असतो, हवा तितका वेळ न्याहाळता येतो. इथे तो जिवंत असतो, निसटायला धडपडत असतो आणि तुमच्या हातात असतात मोजके सेकंद. म्हणून ओळखायची रीत आधीच ठरलेली हवी आणि दर वेळी त्याच क्रमानं वापरायला हवी. तो क्रम पुढे सांगतो.

निघण्यापूर्वी

सोळा ते चौसष्ट वयाच्या माणसाला अल्बर्टात मासेमारीसाठी लायसन्स लागतं. त्याआधी ‘विन’ नावाचा वन्यजीव ओळख क्रमांक काढावा लागतो. दोन्ही गोष्टी सरकारच्या ‘अल्बर्टा रेल्म’ या संकेतस्थळावर घरबसल्या होतात. सोळाच्या आतल्या मुलांना लायसन्स लागत नाही, पण मासा ठेवण्या-सोडण्याचे नियम त्यांनाही लागू असतात. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिला मासा सोडताना काठावर रडारड होते.

बॅन्फ किंवा जॅस्परसारख्या राष्ट्रीय उद्यानात प्रांताचं लायसन्स चालत नाही. तिथला परवाना वेगळा आणि नियमही वेगळे: नैसर्गिक आमिष वापरायचं नाही, 50 ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजनं किंवा शिशाचे गळ जवळ बाळगायचे नाहीत, बुल ट्राउट आणि कटथ्रोट ट्राउट ठेवायचे नाहीत. कॅलगरीच्या पश्चिमेच्या कननास्किस या डोंगराळ भागात गाडी नेणार असाल, तर गाडीसाठी ‘कन्झर्व्हेशन पास’ही काढावा लागतो. त्याचा मासेमारीच्या लायसन्सशी संबंध नाही, पण विसरलात तर दंड होऊ शकतो.

नियमपुस्तिका दरवर्षी 1 एप्रिलला बदलते. ती वाचताना आधी आपलं पाणी कुठल्या विभागात येतं ते पाहा. रॉकी पर्वताच्या उतारावरचे विभाग ‘ईएस’ या अक्षरांनी सुरू होतात. मग त्या नदीचं किंवा तळ्याचं नाव यादीत शोधा. विभागाचा सर्वसाधारण नियम एक आणि तुमच्या ओढ्याचा खास नियम दुसरा, असं फार वेळा आढळतं. अशा वेळी खास नियम पाळायचा. एकाच नदीच्या दोन टप्प्यांना, अमुक पुलाच्या वर आणि खाली, वेगवेगळे नियम असणंही इथे नेहमीचं आहे. हंगाम उघडा आहे का, आमिष चालतं का, कुठल्या प्रजातीचे किती मासे ठेवता येतात आणि किती लांबीचे, एवढी चार उत्तरं कागदावर लिहून खिशात ठेवा. दऱ्याखोऱ्यांत फोनला रेंज नसते.

पहिली नजर: ठिपके काळे की फिकट?

मासा काठाशी आला, की त्याला जाळीत पाण्यातच राहू द्या. हात आधी ओले करा. आता अंगावरचे ठिपके पाहा.

अंग फिकट आणि त्यावर काळे ठिपके असतील, तर तो रेनबो, कटथ्रोट किंवा ब्राऊन असणार. अंग गडद आणि त्यावर पांढरट, पिवळे, गुलाबी किंवा नारिंगी ठिपके असतील, तर तो चॅर गटातला. बुल, ब्रूक आणि लेक या तिघांच्या नावात ट्राउट असलं, तरी शास्त्रीयदृष्ट्या ते चॅर आहेत, म्हणजे सॅल्व्हेलिनस या प्रजातीसमूहातले. यांची खवलं इतकी बारीक असतात, की कातडी जवळजवळ गुळगुळीत वाटते.

ही पहिली पायरी सोपी आहे आणि तिच्यातच निम्मं काम होतं. एकच मासा इथे घोळ घालतो, तो म्हणजे ब्राऊन. त्याच्या अंगावर काळ्यांच्या जोडीला लाल ठिपकेही असतात आणि त्यांच्याभोवती फिकट वलय असतं. लाल ठिपका दिसताच ‘ब्रूक’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. तो आवरा आणि काळे ठिपके शोधा. अंगावर ठसठशीत काळे ठिपके असतील, तर तो चॅर नाही.

दुसरी नजर: पाठीवरचा पर

चॅर आहे एवढं कळलं, की इतर कुठेही न बघता थेट पाठीच्या मधोमध उभ्या असलेल्या पराकडे बघा. तो मिटलेला असेल, तर ओल्या बोटानं अलगद उभा करा. या एका परावर सगळा निकाल आहे.

त्या परावर काळ्या रेघा, काळे ठिपके किंवा नागमोडी खुणा असतील, तर मासा ब्रूक ट्राउट. पर स्वच्छ असेल, त्यावर काळं काहीच नसेल, तर बुल ट्राउट समजून सोडून द्या. अल्बर्टात हे सगळ्यांच्या तोंडी बसावं म्हणून एक घोषवाक्य केलं आहे: ‘नो ब्लॅक, पुट इट बॅक’. नदीकाठच्या फलकांवर ते दिसेल. मला ते फार आवडतं, कारण ते माणसाला मासा ओळखायला लावण्याऐवजी थेट काय करायचं ते सांगतं. लेक ट्राउटच्या परावरही काळे ठिपके नसतात. म्हणजे या नियमानं वागलात, तर कधीतरी एखादा लेक ट्राउटही उगाच सोडला जाईल. ते चालेल. उलट झालेलं चालणार नाही.

पर पाहून झाला, की खात्रीसाठी आणखी तीन जागा पाहा.

पाठ: ब्रूकच्या पाठीवर फिकट वेड्यावाकड्या रेघांची जाळी असते, किड्यानं पोखरलेल्या लाकडावर दिसते तशी. बुलच्या पाठीवर अशा रेघा नसतात, सुटे फिकट ठिपके असतात.

कूस: ब्रूकच्या कुशीवर लाल ठिपके आणि त्यांच्याभोवती निळसर वलयं असतात. बुलच्या ठिपक्यांना निळी वलयं नसतात.

खालचे पर: पांढरी कड दोघांनाही असते. ब्रूकच्या पांढऱ्या कडेला लागून आत एक ठळक काळी रेघ असते. बुलला ती नसते. नवखे लोक नुसती पांढरी कड बघतात आणि फसतात. कडेच्या आत काय आहे ते बघायचं.

लेक ट्राउटची गोष्ट वेगळी. तो खोल, थंड तळ्यांतला मासा, बॅन्फजवळच्या लेक मिनेवांकात आहे तसा. त्याची शेपटी खोल दुभंगलेली असते, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. बुलच्या शेपटीला हलकीशी खाच असते आणि ब्रूकची जवळपास सरळ कापल्यासारखी. लेकच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरट ठिपक्यांची दाटी असते आणि लाल-नारिंगी ठिपका एकही नसतो.

काय बघायचं नाही

आकार बघू नका. बुल ट्राउट मोठा होतो हे खरं, पण तो अंड्यातून मोठा निघत नाही. ओढ्यात सापडणारे वीतभर मासे बुलची पिल्लं असू शकतात, आणि चुकून मारले जातात ते बहुतेक तेच. पिल्लांच्या कुशीवर बोटांच्या ठशांसारखे गडद पट्टे असतात. ते ट्राउट आणि चॅर दोन्हीकडच्या बऱ्याच प्रजातींत असतात, म्हणून ते ओळखीला निरुपयोगी.

रंगावरही विसंबू नका. तळ्यात राहणारा बुल चंदेरी दिसतो, गडद तळाच्या ओढ्यातला काळपट. चॅर शरद ऋतूत अंडी घालतात. त्या सुमारास नरांचं पोट शेंदरी-लाल होतं, जबडा पुढून आकड्यासारखा वळतो, आणि बुल आणि ब्रूक दोघेही इतके भडकतात की छापील चित्रातला मासा हाच का, असा प्रश्न पडतो. पाठीवरचा पर मात्र बारा महिने तेच सांगतो.

जाणत्यांनाही विचार करायला लावणारा प्रकार म्हणजे संकर. बुल आणि ब्रूक एकाच ओढ्यात असले, की त्यांची संतती होते. तिच्यात दोघांची चिन्हं मिसळलेली असतात: पराच्या बुडाशी पुसट काळसर छटा, पाठीवर अर्धवट रेघा. काळं आहे की नाही, असा प्रश्न ज्या माशाकडे बघून पडतो, तो मासा सोडायचा. काळं असलं तर ते लगेच दिसतं. शोधावं लागतंय म्हणजे नाही असं धरा.

काळ्या ठिपक्यांचे तिघं

चॅर नसेल, तर काम संपलं असं नाही. वेस्टस्लोप कटथ्रोट हा इथला मूळचा मासा आहे आणि 2013 पासून केंद्रीय कायद्यानं अल्बर्टातले त्याचे मूळ समूह धोक्यातले म्हणून नोंदले गेले आहेत. जबड्याच्या खाली, गळ्याशी, दोन्ही बाजूंना लाल-नारिंगी चिरा दिसला तर तो कटथ्रोट. त्याचे काळे ठिपके शेपटीकडे दाट असतात आणि डोक्याकडे विरळ होत जातात. रेनबोच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो, ठिपके डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळीकडे असतात, शेपटीवर तर ओळींनी. ब्राऊनच्या शेपटीवर ठिपके जवळपास नसतात, आणि शेपटीअलीकडच्या छोट्या मांसल पराला बहुधा नारिंगी छटा असते.

रेनबो आणि कटथ्रोट यांचाही संकर होतो. गळ्याशी चिरा आहे आणि डोक्यावरही ठिपके आहेत, असा मासा आला तर त्याला कटथ्रोट समजा आणि दोन्हींपैकी कडक असलेला नियम पाळा.

कॅलगरीतून वाहणाऱ्या बो नदीतले रेनबो आणि ब्राऊन दोन्ही बाहेरून आलेले आहेत. ब्राऊनची कथा इथे सगळे सांगतात: 1925 मध्ये पिल्लं घेऊन जाणारा ट्रक बॅन्फजवळ बिघडला आणि मासे मरू नयेत म्हणून ते कॅरट क्रीक या ओढ्यात ओतले गेले. काश्मीर-हिमाचलच्या सहलीत ट्राउट खाल्लेल्यांनी जे मासे पाहिले असतील, तेही हेच दोघं, ब्राऊन आणि रेनबो, आणि तिथेही ते बाहेरूनच नेलेले. कॅलगरीजवळच्या रेनबोला परका म्हटलं तरी उत्तरेकडे अथाबास्का नदीच्या खोऱ्यातला रेनबो मात्र अस्सल स्थानिक आहे आणि 2019 मध्ये तो संकटग्रस्त ठरला. म्हणून ‘रेनबो आहे, ठेवला तरी चालतो’ असं सरसकट म्हणू नका. पाणी कुठलं, ते आधी.

एवढा खटाटोप का

ब्रूक ट्राउट कॅनडाच्या पूर्वेकडचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मासेमारीची मजा वाढावी म्हणून त्याला इथल्या पाण्यात आणून सोडलं. तो दोन-तीन वर्षांत अंडी घालायला लागतो. बुलला त्यासाठी साधारण पाच ते सात वर्षं लागतात, आणि त्याला पाणी फार थंड आणि फार स्वच्छ लागतं. शिवाय दोघांच्या संकराची पुढची पिढी बहुधा वाढत नाही, म्हणजे बुलच्या मादीनं इतकी वर्षं थांबून घातलेली अंडी वाया जातात. उशिरा वयात येणारा, आमिषावर तुटून पडणारा असा हा मासा आहे. एखाद्या छोट्या ओढ्यातून मोजकी मोठी मासळी उचलली, तरी तिथली पिढी तुटते. सस्कॅचेवान आणि नेल्सन नद्यांच्या खोऱ्यातले बुल 2019 मध्ये केंद्रीय कायद्याखाली धोक्यातले म्हणून नोंदले गेले. सीमेपलीकडे अमेरिकेतही 1999 पासून, अलास्का सोडून, सगळीकडे त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

सोडल्यानं फरक पडतो का, याचं उत्तर कॅलगरीपासून दीड-दोन तासांवर आहे. लोअर कननास्किस लेकमध्ये 1992 मध्ये बुल ट्राउट ठेवायला पूर्ण बंदी झाली. तिथले बुल स्मिथ-डोरियन क्रीकमध्ये अंडी घालायला चढतात. त्या वर्षी असे मासे जेमतेम साठेक उरले होते. दहा वर्षांच्या आत ती संख्या हजाराच्या वर गेली. तळ्यात मासेमारी चालूच होती. लोक मासा धरत होते आणि सोडत होते, एवढंच.

ब्रूकच्या बाबतीत उलटा प्रयोगही झाला आहे. एल्बो नदीला मिळणाऱ्या क्वर्क क्रीकमध्ये 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून गळवाल्यांच्या मदतीनं ब्रूक कमी करायचा प्रयत्न झाला. त्यात भाग घेणाऱ्यांना आधी मासे ओळखण्याची परीक्षा द्यावी लागे. उत्तीर्ण झाल्यावरच ब्रूक ठेवायची मुभा. हा मला सगळ्यांत शहाणा नियम वाटतो, आणि आपण प्रत्येकानं तो स्वतःला लावून घ्यावा: पर ओळखता येत नाही, तोवर ठेवायचं काहीच नाही.

निर्णय झाला, आता मासा

सोडायचा असेल, तर मासा पाण्याबाहेर काढू नका. गळ पकडीनं उलट दिशेला दाबून काढा. उलटा काटा चपटा केलेला गळ वापरलात तर तो चटकन निघतो. घशात खोल गेला असेल, तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा. कल्ल्यांत बोटं घालू नका, पोट दाबू नका. फोटो हवाच असेल, तर कॅमेरा तयार झाल्यावर मासा क्षणभर उचला आणि फोटो कुशीवरून घ्या, पाठीवरचा पर उभा धरून, म्हणजे नंतर कुणा जाणत्याला दाखवून विचारता येईल. मग मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरा, स्वतःहून जाईपर्यंत. उन्हाळ्यात दुपारी पाणी 18 अंशांच्या पुढे गेलं की सोडलेला मासाही जगेल याची शाश्वती कमी होते. अशा दिवशी पहाटे जा किंवा जाऊच नका.

ठेवायचा असेल, तर आधी नियमपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लांबी मोजा. काठावर मासा सोलून तुकडे करू नका. तपासणीला अधिकारी आला, तर प्रजाती, संख्या आणि लांबी त्याला पाहता आली पाहिजे. घरच्या फ्रीझरमधले मासेही तुमच्या मर्यादेत मोजले जातात, हे पाहुण्यांसाठी साठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि ‘मला ब्रूक वाटला’ हे उत्तर चालत नाही. मासा ओळखायची जबाबदारी तो पकडणाऱ्याची असते.

दुसऱ्या पाण्यावर जाण्यापूर्वी बूट, जाळी आणि वेडर्स (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) धुऊन पूर्ण वाळवा. ट्राउटची पिल्लं गरगर फिरून मरतात असा ‘व्हर्लिंग डिसीज’ हा रोग 2016 मध्ये कॅनडात प्रथम बॅन्फच्या जॉन्सन लेकमध्ये सापडला, आणि तो चिखलातून एका पाण्यातून दुसऱ्यात जातो.

सराव कुठे करायचा

घरी. नियमपुस्तिकेत आणि प्रांताच्या संकेतस्थळावर माशांची चित्रं आहेत. नावं झाकून मुलांबरोबर ओळखण्याचा खेळ खेळा. आधी पूर्ण मासा दाखवा, मग फक्त पाठीवरचा पर. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, आणि काठावर तीच तुम्हाला अडवतात. जिवंत ट्राउट शांतपणे पाहायचे असतील, तर कॅलगरीत बो हॅबिटॅट स्टेशन आहे. तिथेच सॅम लिव्हिंगस्टन मत्स्यबीज केंद्र आहे. पहिल्या काही वेळा नदीवर जाल, तेव्हा सगळंच सोडायचं असं ठरवून जा, आणि प्रत्येक मासा सोडण्याआधी मोठ्यानं सांगा: ठिपके कसे, परावर काळं आहे की नाही, खालच्या पराच्या कडेला रेघ आहे की नाही. सोबत जाणता माणूस असेल तर तो चूक तिथेच दुरुस्त करेल.